सातवी पास

तुमच्या घरात "मला काय कळतंय" हे वाक्य कोण म्हणतं?

उत्तराची घाई करू नका. आधी नीट आठवा. आमच्या घरात ते आई म्हणायची आणि आम्ही हसायचो. आम्ही म्हणजे कोण? अन्यायाविरुद्ध पत्रकं काढणारं घर.

बाबा डोंबिवलीतल्या एका केमिकल कंपनीत कामाला होते आणि तिथल्या युनियनची पत्रकं तेच लिहायचे. मी मुळाक्षरं गिरवली ती उरलेल्या पत्रकांच्या पाठकोऱ्या बाजूवर. एका बाजूला "कामगार बंधूंनो", दुसऱ्या बाजूला माझा वाकडा "अ". गठ्ठे बांधायला, घड्या घालायला आणि गेटवर उभं राहून वाटायला मी शाळेत असतानाच शिकले. त्याहून आधी बाबांचे नियम शिकले. पुराव्याशिवाय आरोप करायचा नाही. "सगळे", "नेहमी", "कधीच" असले शब्द दिसले की बाबा विचारायचे, "मोजलेस का?" आणि पत्रकाखाली नाव हवंच. "निनावी पत्रक भित्रा माणूस काढतो," असं ते म्हणायचे.

रविवारी सकाळी प्रेसमधून प्रूफ यायचं. आई जमिनीवर बसून बिरड्यासाठी वाल सोलत असायची आणि बाबा तिला पत्रक मोठ्याने वाचून दाखवायचे. एक रविवार मला अजून शब्दन् शब्द आठवतो.

"व्यवस्थापनाच्या उदासीन धोरणाचा आम्ही तीव्र निषेध करतो," बाबांनी वाचलं.

"म्हणजे काय झालं?" आईने मान वर न करता विचारलं.

"अगं, हातमोजे देत नाहीत. चार महिने झाले."

"मग यात हातमोजे कुठे आले?"

"धोरणात येतात ना ते."

"येत असतील बाई. मला काय कळतंय. पण ज्याचे हात भाजलेत, त्याला तरी कळायला नको?"

बाबांनी ती ओळ खोडली आणि लिहिलं, "चार महिने हातमोजे नाहीत. हातमोजे द्या." युनियनचे एक काका चहाला आले होते. ते मांडीवर थाप मारून म्हणाले, "वहिनींना कळलं ना? मग बिनधास्त छापा! वहिनींना कळलं की कुणालाही कळतं." सगळे हसले. मीही हसले. पदराला हात पुसत आईही हसली आणि म्हणाली, "चला, तेवढाच माझा उपयोग."

पुढे ते वाक्य घरात रुळलं. प्रत्येक पत्रकाला विचारायचं, वहिनींना कळलं का? आम्हाला वाटायचं, आम्ही तिला मान देतोय. खरं तर आम्ही दर रविवारी तिला सांगत होतो की शहाणपणाच्या जिन्यावरची सगळ्यात खालची पायरी तू आहेस. त्या घरात संपादक एकच होती, आणि तीच स्वतःला शेवटची समजत होती.

ठाण्याला कॉलेजात असताना मी वार्षिक अंकात पत्रकांच्या भाषेवर लेख लिहिला. त्यात मोठ्या ऐटीत एक वाक्य टाकलं, "माझ्या अडाणी आईला कळेल, तीच खरी लोकांची भाषा." सरांनी ते वर्गात वाचून दाखवलं. घरी येऊन मी अख्खा लेख आईला वाचून दाखवला.

"छान लिहिलंयस," ती म्हणाली. मग जरा थांबून, "पण..."

"पण काय?"

"काही नाही गं. मला काय कळतंय."

मी अंक तिथेच टाकून मैत्रिणीकडे निघून गेले.

दीड वर्षापूर्वीच्या एका मंगळवारी मी माजिवड्याच्या ऑफिसातून लवकर घरी आले होते. मी तिथे भाषांतराचं काम करते. त्या संध्याकाळी मात्र माझा स्वतःचा लेख चालू होता, बायकांचं म्हणणं कुणी ऐकून घेत नाही या विषयावर. हे मी गंमत म्हणून सांगत नाही. घडलं तसं लिहिते आहे. आई येऊन समोर बसली. कुकर लावायच्या वेळेला ती कधी बसत नसे.

"तुला एक विचारायचं होतं," ती म्हणाली. "जबडा दुखतोय गं. आणि पाठीत, इथे. दाताचं नाहीये ते. काहीतरी वेगळंच आहे."

"कधीपासून?" माझे डोळे लॅपटॉपवर.

"म्हणजे, जिना चढताना कसं होतं माहितीये..." ती थांबली. माझी बोटं चालूच होती. "जाऊ दे. पित्त असेल. मला काय कळतंय."

"ओवा खा आणि पड जरा," मी म्हटलं.

ती उठली. तिने ओवा खाल्ला का ते मला माहीत नाही. कुकर मात्र लावला.

गुरुवारी सकाळी ओट्यापाशीच ती खाली बसली आणि मग आडवी झाली. कल्याणच्या हॉस्पिटलात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी हार्ट अटॅक सांगितला आणि विचारलं, "त्रास कधीपासून होता?" मी म्हटलं, "परवापासून." आमच्या खालच्या मजल्यावरच्या काकू सोबत आल्या होत्या. त्या हळूच म्हणाल्या, "नाही गं. आठ दिवस झाले. वर येताना आमच्या दाराशी पायरीवर बसायच्या. मी म्हटलं, चला डॉक्टरकडे जाऊ. तर म्हणाल्या, लेकीला विचारते. तिला कळतं सगळं."

दुपारी आई गेली.

काकूंच्या त्या वाक्यानंतर मी बरेच दिवस दुसरं काही ऐकू शकले नाही. आईला कळलं होतं. दाताचं नाही, वेगळंच काहीतरी आहे, हे तिने स्वतःच्या तोंडाने मला सांगितलं होतं. फक्त स्वतःला कळलेल्यावर तिचा विश्वास नव्हता. त्यावर शिक्का मारून घ्यायला ती माझ्याकडे आली होती.

मग आईचं ते वाक्य माझ्या डोक्यात राहायला आलं. आवाज माझाच होता. तुला काय कळतंय? आई कळली नाही, तू कुणावर लिहिणार? मी लिहायचं थांबवलं. ऑफिसात एकेक ओळ पाच-पाच वेळा तपासू लागले. मीटिंगमध्ये बोलायची वेळ आली की सुरुवात ठरलेली, "मला फारसं कळत नाही, पण." जिच्या घोषणांनी कधी काळी कंपनीचं गेट दणाणायचं, ती मी.

बाबा आता रिटायर झालेत, पण पत्रक सुटलेलं नाही. आमच्या भागात कंपन्यांचा उग्र वास येतो. त्यावर त्यांनी एका रविवारी पत्रक लिहिलं. सवयीने स्वयंपाकघराच्या दाराशी गेले, तिथे क्षणभर उभे राहिले आणि परत फिरून माझ्यासमोर येऊन बसले. सगळं वाचून झाल्यावर त्यांनी विचारलं, "कळलं का?"

"मला काय कळतंय, बाबा."

ते शब्द माझ्या तोंडून आले, त्याच सुरात, त्याच जागी श्वास घेऊन. बाबांनी कागदाची घडी घातली, उलगडली, परत घातली. "तू नको गं हे म्हणूस," ते म्हणाले. "एकदा झालं तेवढं पुरे."

म्हणून मी वर्तकनगरमधल्या एका समुपदेशक बाईंकडे जाऊ लागले. खाली दुकानं, वर त्यांची लहानशी खोली. त्यांनी आधी मला एक वही करायला सांगितली. मनात वाईट वाक्य आलं की ते जसंच्या तसं लिहायचं. ते मला जमलं. पुढची पायरी मात्र जमेना. रोज आरशासमोर उभं राहून म्हणायचं, मी समर्थ आहे, मी हुशार आहे.

"मला नाही जमत हे," मी सांगून टाकलं. "ही नुसती घोषणा झाली. पुरावा कुठाय?"

त्या हसल्या. "आणि तुम्हाला काही कळत नाही, याचा पुरावा आहे का तुमच्याकडे?"

मी वही चाळून बघितली. पुरावा कुठेच नव्हता.

"मग आरसा राहू द्या. काहींना उपयोग होतो, तुम्हाला नाही होत. पुराव्याचं तुम्ही बघा."

आईच्या वर्षश्राद्धाआधी तिच्या साड्या द्यायच्या होत्या, म्हणून मी तिचं कपाट उघडलं. साड्यांच्या खाली, अंथरलेल्या वर्तमानपत्राच्याही खाली, माझ्या कॉलेजचा तो अंक होता. माझ्या लेखाचं पान दुमडलेलं. पानावर बाबांच्या प्रूफाच्या लाल पेन्सिलीच्या खुणा, पण अक्षर बाबांचं नव्हतं. "अडाणी" या शब्दावर एक सरळ रेघ होती आणि समासात, बाबा करतात तशीच खूण करून, लिहिलेलं होतं, "सातवी पास."

खाली आणखी एक दुरुस्ती होती. मी लिहिलं होतं, "ती कधीच वर्तमानपत्र वाचत नाही." तिथे "कधीच" आणि "वाचत नाही" खोडून समासात लिहिलं होतं, "दुपारी वाचते."

मी साड्यांच्या ढिगात बसून रडले. माझ्या "अडाणी"च्या जागी तिने "हुशार" लिहिलं नव्हतं, "थोर माउली" तर नाहीच. जे खरं होतं तेवढंच लिहिलं होतं. एवढ्या वर्षांत वाल सोलता सोलता तिने बाबांचे सगळे नियम उचलले होते. आमच्या तिच्याबद्दलच्या समजाचं प्रूफ तिने तपासलं होतं, आणि ते आम्हाला दाखवायचं धाडस न झाल्याने साड्यांखाली ठेवून दिलं होतं. ते "पण..." म्हणजे हे होतं. मी एक मिनिट थांबले असते, तर ती बोलली असती.

ती लाल पेन्सिल आता माझ्याकडे आहे. वहीत जे वाक्य येईल, त्याला मी गेटवर कुणी तरी हातात कोंबलेलं पत्रक समजते. आधी खाली नाव बघते. बहुतेक वेळा नाव नसतं. मग मोजते. "मला कधीच काही कळत नाही" यातलं "कधीच" जातं, "काही" जातं. उरतं ते असं, "आज एका परिच्छेदाचं भाषांतर चुकलं." एवढ्यावर माणूस जगू शकतो. ते पान दुरुस्त करता येतं.

सगळीच वाक्यं इतकी सोपी नाहीत. "मी आईचं ऐकलंच नाही." यावर मी बरेच दिवस पेन्सिल धरून बसले. शेवटी लिहिलं, "मंगळवारी विचारलं. अर्धं ऐकलं." दुखतं, पण खरं आहे. त्याखाली मी सही केली. "आई माझ्यामुळे गेली" हे वाक्य अजून तसंच आहे. डॉक्टरांना मी नंतर भेटून विचारलं. आधी आणलं असतं तर कदाचित उपयोग झाला असता, नक्की सांगता येत नाही, असं ते म्हणाले. म्हणून समासात मी "माहीत नाही" एवढंच लिहिलं आहे. ते वाक्य बहुतेक रोज येतं. मी रोज त्याला समासातले ते शब्द दाखवते. काही दिवशी ते मागे हटतं, काही दिवशी मी.

पण सगळं ओझं त्या एकट्या मनावर टाकायला मी तयार नाही. मनातला असा आवाज आभाळातून पडत नाही. कुणीतरी तो छापलेला असतो, कुणीतरी घरोघर वाटलेला असतो. आईने कागदावर आपल्याबद्दलचं वाक्य दुरुस्त केलं होतं, तरी तोंडून मरेपर्यंत जुनंच म्हणत राहिली. कारण जुन्या वाक्यावर घर हसायचं, आणि नवं वाक्य ऐकायला घरात कुणी बसलेलं नव्हतं. माणसाने एकट्याने आपलं मन किती घडवायचं, जर त्याचं घरच रोज ते मोडत असेल?

गेल्या रविवारी बाबांनी ते वासाचं पत्रक पुन्हा काढलं. मी ऐकलं. तोंडाशी आलेलं वाक्य गिळलं आणि म्हटलं, "बाबा, दुसरी ओळ मला नाही कळली. ती अवघड लिहिली गेलीये."

"कुठली, पर्यावरणीय समतोलाची?"

"हो. खोकला कुठाय त्यात? खालच्या काकू खिडकी लावून बसतात, ते कुठाय?"

बाबांनी चष्मा पुसून ती ओळ खोडली. त्या सकाळी आमच्या घरात कुणी हसलं नाही.

म्हणून हे माझं पत्रक. घरच्यांची ओळख उघड होऊ नये म्हणून नाव इथे छापलेलं नाही, पण सही वहीत केली आहे. मागणी एकच. आज तुमच्या घरात कुणी "मला काय कळतंय" म्हटलं, तर हसू नका आणि ओवा देऊ नका. हातातलं काम खाली ठेवा. समोर बसा. "तुला काय वाटतंय ते सांग," म्हणा, आणि तिचं बोलणं पूर्ण होईपर्यंत उठू नका. ते वाक्य म्हणणारे तुम्हीच असाल, तर एक पेन्सिल घ्या, खोटा शब्द खोडा आणि समासात खरा लिहा. फक्त तो कागद साड्यांखाली ठेवू नका. आजच कुणाला तरी दाखवा.