न झालेली गंधमुक्ती
आज सकाळी अष्टगंधाची डबी उघडली आणि त्या वासाबरोबर चोपड्याची शाळा आठवली. पंच्याऐंशीच्या सुमाराची गोष्ट. हिरोशिमाच्या स्मृतिदिनी मी सूचनाफलकावर मासिकातली चित्रं लावत होतो आणि आमचे शिपाई नाना टाचण्या देत होते. त्यांच्या कपाळावर गंधाचा ठसठशीत टिळा असायचा. एका चित्रात दगडी पायरीवर नुसता काळा डाग होता. "इथे एक माणूस बसला होता," मी सांगितलं, "अणुबॉम्ब पडला आणि त्याची सावली तेवढी उरली." नाना टाचणी हातात धरून चित्राजवळ वाकले. "सर, यानी गंधमुक्ती झायी का?" आमच्याकडे सुतक संपलं की भाऊबंद पुन्हा कपाळी गंध लावतात, तसं त्या माणसाचं झालं का, हे ते विचारत होते. "करणार कोण, नाना? घरंच्या घरं गेली. आणि तसले बॉम्ब अजून बनताहेत." "मंग सुतक फिटनं नही आजून," असं म्हणत त्यांनी खांद्यावरच्या रुमालाने आपला टिळा पुसला आणि ते घंटा द्यायला गेले. मला तेव्हा तो भाबडेपणा वाटला होता. आज गंधात बोट बुडवलं, तेवढ्यात कॅलेंडरकडे नजर गेली. सहा ऑगस्ट. मी बोट धुतलं आणि कोऱ्या कपाळाने बाहेर पडलो.