शिरूरहून दिसलेली परांची

दौंडच्या नव्या गोदामाची बांबूंची परांची मी शिरूरच्या बांधकाम कचेरीत बसून तपासली. चहा पीत. 'परांची पाहिली, नियमाप्रमाणे ठीक' असं लिहून खाली झोकदार सही ठोकली आणि कागद टपालात टाकला. बासष्ट सालचा वैशाख. दौंडची एस.टी. म्हणजे चाकांवरची भट्टी. मॅट्रिक झालेल्या माणसाने तीत कशाला भाजून घ्यायचं?

सरकारने नुकतेच बांधकामाचे नियम छापून धाडले होते. परांचीच्या प्रत्येक जोडाला दुहेरी दोर, कडेला कमरेइतका कठडा, आणि हे जागेवर पाहिल्याचा कचेरीचा दाखला; मगच माणूस वर चढवायचा. ओव्हरसियर रजेवर, म्हणून दाखल्याचं काम माझ्यासारख्या कारकुनाच्या गळ्यात आलेलं.

चौथ्या दिवशी सकाळी दारात एक वाळका माणूस उभा राहिला. डोक्यावर जाळीची टोपी, नखांत सिमेंट.

"तुमीच का ते भाऊसाहेब?"

"कोणते?"

"ज्यांना शिरूरातनं दौंडची परांची दिसती. म्हटलं, अशी नजर एकदा बगून यावी. आमची म्हैस बी दिसत आसंल इथनं. व्याली का वो?"

कचेरी हसली. मीही हसलो. तो हसला नाही.

हे लालमहंमद मिस्त्री, त्याच गोदामावरचे. परांची एकेरी दोराने बांधलेली, कठड्याचा पत्ता नाही. उद्या स्लॅब. घमेली वाहायला चौदा बाया वर चढायच्या होत्या. मिस्त्रींनी नकार दिला, तेव्हा ठेकेदार आनंदरावांनी माझा कागद त्यांच्या नाकासमोर नाचवला. सरकारनं पास केलंय, तू कोण? उद्यापासून येऊ नको.

"काम गेलं त्याचं काय न्हाई, भाऊसाहेब. पर एक बाई माझ्याकडं आधीच हाय. दुसरीला जागा न्हाई."

म्हणजे काय, ते मला कळलं नाही. पण त्यांच्या आवाजाने मी टोपी उचलली, आणि दुपारच्या आत आम्ही त्या भट्टीत शेजारी शेजारी बसलो होतो. तिथे त्यांनी सांगितलं.

अकरा वर्षांपूर्वीची गोष्ट. केंदूरची धुरपदा त्यांच्या हाताखाली घमेली वाहायची. मुकादमाची घाई, म्हणून मिस्त्रींनी एका जोडाला दोर वाचवला. एकेरी गाठ मारली.

"वरडली बी न्हाई. घमेलं दोन्ही हातांनी धरून गेली खाली. माल सांडू नये म्हणून."

तेव्हापासून ते सांगतील तिथे दुहेरी दोर. आणि रोज सकाळचं पहिलं घमेलं फळीच्या टोकाला नेऊन ठेवायचं. त्याला कुणी हात लावायचा नाही. माल तिथेच वाळतो. गवंडी वेडा म्हणतात, ठेकेदार तेवढ्या सिमेंटचे पैसे कापतात.

"न्हाई ठेवलं तर घरी येती. काय करत न्हाई, बोलत न्हाई. दारात हात फुडं करून उभी ऱ्हाती, फुडचं घमेलं द्या म्हणून. आमची घरवाली बिबीजान आता इचारत बी न्हाई. दार लोटताना जरा थांबती, एवढंच."

विषय बदलावा म्हणून मी पिशवीतून नियमांचं पुस्तक काढून वाचून दाखवलं. दुहेरी दोर. कठडा. फळीची रुंदी. मिस्त्री कान देऊन ऐकत होते.

"हे ज्यानं लिवलं, त्याच्या परांचीवरनं कोण पडलं आसंल वो?"

असले नियम डोक्यावर पंखा असलेली माणसं लिहितात, अशी माझी समजूत होती. मी पुस्तक मिटलं.

गोदामापाशी पोचल्यावर मिस्त्री मला सरळ वर घेऊन गेले. खालून गोदाम बुटकं दिसलं होतं, वरून विहिरीएवढं खोल. पायाखाली बांबू करकरत होते. मिस्त्री माझ्यापुढे, भिंतीला धरून. फळीच्या टोकाला घमेलं, माल वाळून दगड झालेला.

माझ्या मागे फळी दबली. ओझं घेऊन कुणी पाठीशी यावं तशी, सावकाश. मी सवयीने अंग चोरून जागा केली आणि वळलो. मागे कुणी नव्हतं.

"मिस्त्री..."

"व्हय," मागे न बघता ते म्हणाले. "तिला वाट द्या. आडवं उभं ऱ्हाऊ नका."

खाली उतरलो. तिथेच सिमेंटच्या पोत्यावर कागद ठेवून लिहिलं: 'पहिला दाखला मी जागेवर न जाता दिला. तो रद्द.'

आनंदराव वाचून हसले. "भाऊसाहेब, हा कागद वर गेला तर नोकरी जाईल की!"

"जाईल."

दाखल्याशिवाय उद्याचा स्लॅब अडतो, हे ध्यानात आल्यावर त्यांनी वरच्या फळीकडे पाहिलं. "बरं, बांधा. पण दोर कुठला आणता? आज अवस, पेठ बंद."

अवसेला दौंडात कोण दुकान उघडतो! होता नव्हता तो दोर काढला, बांबूंचा कठडा उभा केला. शेवटच्या सहा जोडांना दोर पुरेना. समोरच्या घरातल्या भामाबाई मघापासून तमाशा बघत होत्या. त्यांच्याकडे गेलो. त्यांनी आडावरचा पोहऱ्याचा दोर सोडून दिला.

"उद्या आणून द्या बरं का, भाऊसाहेब. पाणी शेंदायचंय."

"उद्या नक्की."

मिस्त्रींनी कोयत्याने त्याचे सहा तुकडे केले.

दुसऱ्या दिवशी चौदा बाया चढल्या. स्लॅब टाकून झाला. उन्हं उतरताना मिस्त्री शिडीपाशी उभे राहून एकेकीला बोटाने मोजत होते. तेरा. चौदा. बोट पंधरावीसाठी तसंच वर राहिलं. ते शिडीकडे बघत थांबले, बराच वेळ. मग हात खाली घेतला.

माझी नोकरी गेली नाही, ठपक्यावर भागलं. मिस्त्री पुढे वढूच्या बाजूला एका कामावर गेले.

भामाबाईंचा दोर मात्र अजून दिलेला नाही. दौंडला उतरलो की मी मागच्या बोळाने जातो. त्या शेजारणीचा दोर मागून पाणी भरतात, असं ऐकतो.