चंपाबाईंच्या नावाची डबी

भाईंदर पश्चिमेला आमच्या चाळीत चंपाबाईंचा रुबाब वाढला तो एका डबीमुळे. माणसांच्या पोटातल्या जंतूंचा अभ्यास करणारी एक संस्था आहे. वर्षानुवर्षं तीच माणसं धरायची, दर सहा महिन्यांनी डबीत त्यांची शी घेऊन तपासायची आणि पुढे कोण आजारी पडतं, कोण धडधाकट राहतं ते बघायचं. नावं चिठ्ठ्या टाकून काढलेली. आमच्या चाळीतून एकच निघालं.

चंपाबाई परभणीकडच्या. आयुष्य बेव्हर्ली पार्कातल्या फ्लॅटांत भांडी घासण्यात गेलं. तिथे कुणी कधी "जेवलात का?" एवढंही विचारलं नाही. आणि आता संस्थेकडून संघप्रिया नावाची शिकलेली पोरगी बर्फाची पेटी घेऊन येते, जमिनीवर मांडी घालून बसते. "मावशी, काल काय खाल्लं? पोट साफ होतंय ना?" चंपाबाई अशी उत्तरं द्यायच्या, जणू टीव्हीवर मुलाखत चाललीय!

चाळ जळायची. शेजारची वासंती तर सगळ्यात जास्त. ती इथल्याच गावठाणातली, आवाज खणखणीत. "हिच्या पोटान काय सोना हाय? आमी काय दगडं खातो?"

मीही जळायचे, खोटं कशाला बोलू? याच चाळीच्या संडासासाठी मी महापालिकेत घसा फोडला, पोलिसांच्या गाडीत बसले. चंपाबाईंनी मला कधी धड चहा विचारला नाही. ही कालची पोरगी, हिला मात्र पहिल्या घासापासून शेवटच्या घासापर्यंत सगळा हिशेब!

या खेपेला भानगड झाली. मी सकाळी महापालिकेवरच्या मोर्चाचं सांगायला गेले, तर चंपाबाई रिकामी डबी मांडीत घेऊन बसलेल्या. दाढ काढली होती, अँटिबायोटिक परवाच संपलेलं. त्या गोळ्यांनी पोटातले जंतूही मरतात, घेतल्या तर आधी सांगा, असं संघप्रियाने बजावलं होतं.

"सांगितलं तर नाव कापतील गं माझं," त्या म्हणाल्या.

वासंती दारातच टपलेली. "यवढंच ना? दे डबी. माजं टाक."

मला हसू फुटलं. चंपाबाई हसल्या नाहीत. त्यांनी खरंच डबी पुढे केली. आणि वासंती, गप्प बसेल तर ना! "बगूंदे त्यांना, चांगला पोट कसा असतो तो!"

चंपाबाईंनी डबी झटक्यात मागे ओढली. "माझ्या नावानं तुझी तारीफ? नाव कापलं तरी चालंल, पर तुझी शी माझ्या नावानं जाऊ द्यायची न्हाई!"

संघप्रिया आली तेव्हा त्यांनी सगळं सांगून टाकलं, वासंतीसकट.

"बरं झालं सांगितलंत, मावशी," ती म्हणाली. "नाहीतर तुमचं पोट एकदम बदललं कसं, म्हणून आम्ही डोकं फोडत बसलो असतो. नाव कुणी कापत नाही. दोन महिन्यांनी येते."

"मंग आज माजं न्या ना," वासंती म्हणाली. "पेटी रिकामी कशाला नेतंस?"

"चिठ्ठीत नाव नाही ना तुमचं, ताई."

वासंतीचं तोंड पाहून चंपाबाईंचं दाढेचं दुखणंच पळालं. सुजलेला गाल हाताने धरून त्या संघप्रियाला रिक्षापर्यंत सोडायला गेल्या. मी त्यांच्या दारात ताटकळत उभी. मोर्चाला येता का, एवढंच विचारायचं होतं.

परत आल्या आणि म्हणाल्या, "तू अजून हाइस व्हय?"