नळीवरचा रुपया

कतारमधल्या दोह्याच्या शूटिंग रेंजवर शस्त्रं काढून देणारे गृहस्थ साताऱ्याकडचे माजी सुभेदार. नाव मी कधी विचारलं नाही, सगळे त्यांना सुभेदारच म्हणतात. नवीन बाई आली की ते आधी तिचे हात बघतात. बोलणं मोजकं, आणि शेवटी बहुतेक वेळा इथलं अरबी ‘खलास’, म्हणजे झालं, संपलं.

नवऱ्याची नोकरी इथेच राहणार होती आणि मी नाशिकला मळ्यातल्या घरी एकटी राहायला जाणार होते. तिथलं लायसन्स मिळालं होतं, रिव्हॉल्व्हरही तिथेच घ्यायचं होतं. कोणतं, ते ठरवायला आम्ही रेंजवर गेलो. यांनी सगळ्यात छोटं, हलकं उचललं. “लेडीजला हेच बरं.”

सुभेदारांनी ते रिकामं असल्याची खात्री केली आणि नळीवर खिशातला रुपया ठेवला. “साहेब, चाप ओढा. रुपया पडता कामा नये.”

रुपया खणकन खाली पडला. यांनी पुन्हा ओढला, पुन्हा पडला.

सुभेदारांनी मोठं, जड रिव्हॉल्व्हर, तेही रिकामं आहे हे बघून, माझ्या हातात दिलं. “वजनाला भिऊ नका, ताई. जड असतंय ते गोळीचा धक्का स्वतः खातंय. हलकं असतंय ते हात झटकतंय. खलास.”

रुपया ठेवला. मी दहा वेळा चाप ओढला. रुपया जागचा हलला नाही.

मग गोळ्या भरल्या. सहा गोळ्या झाडल्या आणि कागदावर सहा भोकं पडली. यांनी ती दोनदा मोजली.

सुभेदारांनी रुपया उचलला आणि यांच्या तळहातावर ठेवला.

“ताईंचं झालं, साहेब. आता तुम्ही सराव करा. खलास.”