केमिस्टबाईंचा पिवळा सॉस

केमिस्टबाईंबद्दल लिहायचं मी बरीच वर्षं टाळत आलो. दोनदा लिहायला बसलो आणि दोन्ही वेळा तिच्या कौतुकाच्या चार ओळी लिहून कागद बाजूला ठेवला. कौतुक लिहायला सोपं जातं. आता सत्तरी उलटली आहे. त्या रविवारी आमच्या स्वयंपाकघरात काय घडलं हे माहीत असलेली माणसं दोनच, एक ती आणि एक मी. तिनं ते कधी बोलून दाखवलं नाही. तेव्हा सांगायची पाळी माझीच आहे.

केमिस्टबाई म्हणजे माझी सून. हे नाव मीच ठेवलेलं. साखर कारखान्याच्या लॅबमध्ये मी तीस वर्षं मदतनीस होतो, त्यामुळे केंदूरला लोक मला उगाच केमिस्ट म्हणायचे. खरी केमिस्ट ती. तिला ना काचेची नळी लागायची, ना कागद. कुठलाही पदार्थ आला की त्याचा थेंबभर खालच्या ओठाच्या आत लावायची, डोळे मिटायची आणि सांगू लागायची, "मोहरी हाय. साखर न्हाई, गूळ हाय. लसूण भाजून घातलाय. आन् शेवटाला कायतरी आंबट लागतंय, पण ते लिंबू न्हाई." ती डोळे उघडेपर्यंत घरात कोणी बोलायचं नाही, असा नियमच होऊन गेला होता.

एकदा शिरूरच्या बाजारात आम्ही भज्यांच्या गाडीपाशी उभे होतो. गाडीवाल्यानं बशीत लाल सॉस ओतला. हिनं बोट लावलं, डोळे मिटले आणि चांगल्या मोठ्या आवाजात म्हणाली, "आबा, ह्यो भोपळा हाय."

"टमाट्याचा हाय, ताई. बाटलीवरचं चित्र बघा की," गाडीवाला म्हणाला.

"चित्र टमाट्याचंच हाय, दादा. आत भोपळा हाय."

आजूबाजूची गिऱ्हाइकं आपापल्या बशीत डोकावू लागली. गाडीवाल्यानं घाईघाईनं आणखी एक प्लेट आमच्या हातात कोंबली आणि हळूच म्हणाला, "ही घ्या, आन् जरा तिकडं सरकून खावा."

ती दौंडची. वडील स्टेशनवर कटलेट-ऑम्लेटचा स्टॉल चालवायचे, आणि सगळं बालपण तिनं त्या स्टॉलमागच्या खोक्यावर बसून काढलेलं. लग्न होऊन आली तेव्हा आठ दिवस तिला झोप लागेना. मी विचारलं, तर म्हणाली, "गाडी सुटल्याचा आवाज आल्याबिगर मला झोप येत न्हाई, आबा. इथं काय येत न्हाई आन् काय सुटत न्हाई." तेव्हा आम्ही सगळेच हसलो होतो.

तिच्या लग्नानंतर दोन वर्षांत माझ्या बायकोला अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं. बोलण्यातला एकच शब्द उरला, "न्हाई". भाकरी कुस्करून दिली तरी न्हाई, खिमट केलं तरी न्हाई. तिचा हाडांचा सापळा व्हायला लागला. माझा मुलगा संदीप रांजणगावच्या एका कंपनीची बस चालवायचा. एकदा येताना त्यानं हायवेवरच्या दुकानातून बर्गर आणले. बायकोला ते चावणं शक्य नव्हतं. सुनेनं आतला पिवळा सॉस बोटावर घेऊन तिच्या ओठाला लावला आणि आम्ही नेहमीच्या "न्हाई"ची वाट पाहत उभे राहिलो. ती ओठ चाटत राहिली. मग डावा हात पुढे केला.

जन्मात कधी बर्गर न पाहिलेल्या त्या बाईनं त्या सॉसमध्ये कालवलेली अख्खी भाकरी त्या दिवशी खाल्ली. बरोबर आलेल्या पुड्या दोन दिवसांत संपल्या. सून म्हणाली, "आबा, चव जिभेवर हाय तवर करून बघते. आठ दिवसांनी पुसून जाईल. तुम्ही फकस्त लिवून घ्या."

असे आमचे प्रयोग सुरू झाले. मी माझं जुनं मोजपात्र काढलं आणि एक वही घातली. लॅबची सवय, त्यामुळे प्रत्येक खेपेला "नमुना" म्हणून क्रमांक द्यायचा. आम्हाला बिनअंड्याचा करायचा होता, म्हणून गार दुधात तेल घुसळून. नमुना एक फुटला, तेल आणि दूध वेगळं झालं. नमुना दोनही फुटला. तिसऱ्या वेळी तिच्या लक्षात आलं की तेलाची धार केसाएवढी बारीक हवी. मग मी मिक्सर चालू-बंद करायचा आणि तिनं श्वास रोखून धार सोडायची. त्यात मोहरीची पूड, व्हिनेगर, लसूण, थोडी साखर आणि रंगाला हळद. बर्गरमधल्या त्या काकडीच्या खारट फोडींसाठी तिनं आपली कोवळी काकडी मिठाच्या पाण्यात बुडवून ठेवली. धुराची चव असलेल्या एका सॉससाठी वाटीत निखारा ठेवून वर तूप सोडलं, तेव्हा शेजारची बाई आग लागली म्हणून घागर घेऊन धावत आली. बाविसाव्या नमुन्याला आत्यानं, म्हणजे तिच्या सासूनं, वाटी चाटून पुसून दिली. सून म्हणाली, "बघा आबा, आंबट हाच सॉसचा कणा. त्यो मोडला की निस्ता लगदा."

चाखताना ती नेहमी स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभी राहायची, म्हणजे आत्याची खाट नजरेसमोर असायची, आणि मलाही तिथंच बोलावून विचारायची, "काय कमी हाय, आबा?" ओट्यापासून खाटेपर्यंत अकरा पावलं, असं एकदा तीच म्हणाली. "दिसातनं किती येळा चालते त्ये मोजत न्हाई. मोजलं तर पाय दुखत्याल." ती माहेरी जायची ती सकाळी जाऊन संध्याकाळी परत, तेही वर्षातून एकदा. मला त्यात काही खटकत नव्हतं. आजारी माणसाच्या घरात असंच असतं, असं मी धरून चाललो होतो.

एकदा धुणं पिळताना तिनं विचारलं, "आबा, हळदीचा डाग साबण लागला की लाल का हुतो?" मला कोण आनंद झाला! मी वाटीत हळदीचं पाणी केलं, चिमूटभर खायचा सोडा टाकला आणि पाणी लालसर झालेलं दाखवलं. म्हटलं, आंबटाच्या उलट गुणाचं काही पडलं की हळद चुगली करते. तिनं वाटी उजेडात धरून बराच वेळ पाहिली. "लई भारी," म्हणाली.

संदीपनं तिचा सॉस हमीदभाईंना नेऊन चाखवला. हमीदभाई शिरूरचे, रांजणगावला कंपनीच्या फाटकाबाहेर त्यांचा बर्गरचा गाडा होता आणि सणसवाडीला ते दुकान काढत होते. दुसऱ्याच दिवशी ते मोटारसायकलवर आमच्या दारात हजर.

"ताई, ह्याच्यात काय घातलंय?"

"तुम्हीच सांगा की, भाऊ."

"मला सांगता आलं असतं तर तुमच्या दारात आलो असतो व्हय?"

त्यांचं म्हणणं सरळ होतं. सॉस तिच्याच हातचा हवा, पण दुकानात येऊन करायचा. सकाळी नऊला न्यायला गाडी येईल, संध्याकाळी सहाला आणून सोडेल. "फकस्त एक हाय, ताई. एकदा जमलं म्हंजी रोज जमंल असं नसतं. रविवारी मी परत येऊन चाखणार. चव तीच लागली, तर एक तारखेपासून या."

तो आठवडा ती वेगळीच बाई होती. काम करताना गुणगुणायची. पेटीतल्या दोन साड्या काढून उन्हात टाकल्या. आणि मला शिकवायला लागली. आत्याची कूस कशी बदलायची, औषध कुठल्या वाटीत कुस्करायचं, कपडे कसे बदलायचे, ओल्या फडक्यानं कसं पुसून घ्यायचं. तिनं सगळं एका कागदावर लिहून कपाटाला चिकटवलं. संदीप म्हणाला, "आबा हायतच की घरी." मला कोणी विचारलं नाही, आणि मी तरी काय सांगणार होतो? सगळ्यांत जास्त तोंडभरून कौतुक मीच केलं होतं.

खरी गोष्ट अशी की त्या कागदाची मला धास्ती बसली होती. बेचाळीस वर्षांच्या संसारात मी बायकोला कधी तांब्याभर पाणी नेऊन दिलं नव्हतं. तिची घाण काढायची वेळ येईल म्हणून मी त्या कागदाकडे बघायचंही टाळायचो. लाज वाटायची, किळस वाटायची, आणि किळस वाटते याची पुन्हा लाज वाटायची. हे मोकळेपणानं बोललो असतो, तर काहीतरी वाट निघाली असती. मी बोललो नाही.

रविवारी सकाळी सून आत्याला अंघोळ घालत होती. फ्रीजमध्ये सॉसचा स्टीलचा डबा तयार होता. कारखान्यात उसाच्या रसाचा आंबटपणा चुन्यानं मारतात. तीस वर्षं मी तेच पाहत आलो होतो, आंबट किती राहिलं आणि किती मेलं. मी फळीवरची सोड्याची बाटली काढली. एक चमचा टाकला. सॉस फसफसून वर आला. बुडबुडे थांबेपर्यंत मी ढवळत राहिलो, मग चाखून पाहिला आणि आणखी अर्धा चमचा टाकला. वहीत हे लिहिलेलं नाही, ते इथं लिहितो. नमुना एकोणतीस. खायचा सोडा, दीड चमचा. टाकणारा मी.

हमीदभाई आले, "जय भीम, आबा," म्हणून माझ्या शेजारी बसले. बरोबर पाव आणि टिक्क्या आणल्या होत्या. पहिला घास घेऊन ते थांबले. पाण्याचा घोट घेतला.

"ताई, ही मागची चव न्हाई."

तिनं चमचा घेतला. ओठाला लावला, डोळे मिटले. घर नेहमीसारखं गप्प झालं. मी खाटेकडे पाहत होतो. तिनं डोळे उघडले आणि डबा खिडकीच्या उजेडात धरला. पिवळा सॉस तांबूस पडला होता. माझ्याकडे तिनं पाहिलं नाही.

"माझंच चुकलं, भाऊ," ती म्हणाली. "आज जमलं न्हाई."

"व्हतं एखाद्या येळंला. परत करा, मी पुढल्या रविवारी येतो की."

"नगं भाऊ, तुम्ही दुसरं माणूस बघा. आत्याला टाकून मी कुठं येऊ?"

ते गेल्यावर तिनं डबा रिकामा करून घासला. सोड्याची बाटली मी घाईत मिठाच्या डब्याशेजारी ठेवली होती. ती उचलून तिनं फळीवर हिंगाच्या डबीमागे, जिथली तिथं ठेवली. कपाटावरचा कागद काढून चुलीत घातला. मग विचारलं, "आबा, चहा टाकू का?"

मी हो म्हणालो. तो चहा मी प्यालो.

पुढची तीन वर्षं तिनं सासूचं सगळं केलं. सॉसही करायची, पण मला उंबऱ्यावर बोलावून "काय कमी हाय, आबा?" असं पुन्हा कधी विचारलं नाही. वही माझ्या उशाखाली पडून राहिली. बायको गेली तेव्हा पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमात मी उठून बोललो. म्हणालो, माझ्या सुनेनं केलं तसं पोटच्या लेकीनंही केलं नसतं. लोकांनी डोळे पुसले. ती मागं भांड्यांपाशी बसली होती, तिनं मान वर केली नाही. मला वाटलं, मी काही अंशी फेड केली. उलट मी तिच्या पायात दुसरी बेडी घातली होती. वर्षभरात दौंडला तिचे वडील पडले, कमरेचं हाड मोडलं. दोघं भाऊ पुण्याला. त्यांनी फोनवर सांगितलं, "ताई, आजाऱ्याचं करायला तुझ्यासारखं कोण हाय? आबांनीच सांगितलं सगळ्यांसमोर." ती दौंडला गेली. मागोमाग संदीपनंही तिकडंच गाडीवर काम धरलं. मी केंदूरला एकटा राहिलो.

गेल्या महिन्यात शिरूरहून एसटीनं दौंडला गेलो. पिशवीत वही होती. शिरूर सुटल्यापासून एकच वाक्य घोकत होतो, "मला माफ कर." तीन शब्द. रेल्वेच्या रुळांलगतच्या दोन खोल्यांत ते राहतात. बाहेरच्या खोलीत वडिलांची खाट, आत ओटा. संदीप कामावर गेलेला. तिनं चहा दिला आणि वही पाहून खुदकन हसली. "आबा, ठिवलीय अजून?" उभ्यानंच पानं उलटायला लागली. नमुना एक, फुटला. नमुना दोन, फुटला. निखाऱ्याच्या पानावर म्हणाली, "ती घागरवाली म्हातारी बरी हाय ना?" उलटत उलटत शेवटच्या पानावर आली. त्यावर मी फक्त क्रमांक घातला होता, नमुना एकोणतीस. खाली काही नव्हतं.

"ह्याच्याखाली लिवलं न्हाई तुम्ही," ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. नुसतं विचारत होती, आणि वाट पाहत होती.

"राहून गेलं," मी म्हणालो.

तिनं वही मिटली. "ऱ्हाऊ द्या मग."

तेवढ्यात वडिलांनी खाटेवरून हाक मारली आणि ती गेली. मी नकळत पावलं मोजली. सात होती. बाहेरून गाडी धडधडत गेली, भांडी थरथरली. त्यांना कुशीवर वळवता वळवता ती म्हणाली, "आता सुटत्यात बघा गाड्या. दिसभर आयकू येत्यात."

निघताना ती दारापर्यंत आली. स्टँडवर आले असते, म्हणाली, पण वडलांना एकटं कसं सोडू. मी पायऱ्या उतरलो आणि वळलो. ती एक हात चौकटीला लावून उभी होती, एक कान आत.

"पोरी," मी म्हणालो.

"काय, आबा?"

सगळं तोंडाशी आलं होतं.

"ऊन लई हाय," मी म्हणालो. "उन्हाची बाहेर पडत जाऊ नको."

ती हसली. "मी कुठं पडतीय बाहेर, आबा."