आधी बोर्ड दाखवा

हातातला स्क्रूड्रायव्हर काउंटरवर ठेवायचा, चष्मा कपाळावर चढवायचा आणि म्हणायचं, "आधी बोर्ड दाखवा." ही त्या दुकानदारांची रीत. स्वारगेटहून मार्केट यार्डाकडे जाताना एका जिन्याखाली त्यांचं कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचं दुकान होतं. गिऱ्हाइकाच्या स्वागताला त्यांच्याकडे एवढंच वाक्य होतं. तुम्ही पुण्यात राहिला असाल, तर त्यातली आपुलकी तुम्हाला कळेल.

मदरबोर्डाचं नाव कळल्याशिवाय ते रॅम विकत नसत. एकदा माझ्यासमोर मिरचीचे एक व्यापारी आले.

"आठ जीबीची एक द्या."

"कुठल्या बोर्डाला?"

"अहो, काळा डबा आहे. रोख देतो की."

"पैसे खरेच आहेत हो. आत कुठलं बोर्ड आहे ते बघून या."

व्यापारी तडक शेजारच्या दुकानात गेले. तिथे काही न विचारता रॅम मिळायची, वर "चालून जाईल, शेठ" असा दिलासाही मिळायचा.

मी घरी बसून भाषांतरं करतो. माझं मशीन फारच रखडायला लागलं, तेव्हा मी धायरीहून पूर्ण तयारीनिशी गेलो. बोर्डाचा मूळ खोकाच घेऊन गेलो. वस्तू मोडली तरी खोका टाकायचा नाही, हा आमच्या घरचा नियम आहे. त्यांनी खोका चारही बाजूंनी वाचला.

"हा खोका बोर्डाचा आहे. पण आतलं बोर्ड या खोक्यातलंच आहे का?"

"म्हणजे काय? पाच वर्षं माळ्यावर जपलाय."

"खोका जपलात. मशीन कधी दुरुस्तीला दिलं होतं?"

"एकदा."

"मग उघडून फोटो काढून आणा."

मी चिडून घरी आलो आणि खोक्यावरचं नाव बघून ऑनलाइन रॅम मागवली. ती आली, पण बसेना. तिची खाचच वेगळ्या जागी होती. टॉर्च लावून पाहिलं, तर दुरुस्तीवाल्याने बोर्ड बदललेलं. नाव तेच, पण शेवटी दोन अक्षरं जादा, आणि त्या दोन अक्षरांसाठी आधीच्या पिढीची रॅम लागत होती.

फोटो घेऊन पुन्हा गेलो. ते हसले नाहीत. फक्त म्हणाले, "चहा घेणार?" त्या दुकानात चुकलेल्या माणसालाच चहा विचारतात, हे मला नेहमीच्या लोकांनी नंतर सांगितलं.

चहा पिताना मी बदला म्हणून म्हटलं, "शेजारी गर्दी बघा. अशाने तुमचं दुकान बंद पडेल."

"पडेल. घरीही रोज हेच ऐकतो." त्यांनी चष्मा पुसला. "पण चुकीची रॅम नेलेला माणूस ती दाबून बसवायला बघतो. बोर्ड जातं. मग म्हणतो, माझ्याच हाताला वळण नाही. विकणाऱ्याला कुणी काही म्हणत नाही."

मीही अंगठ्याने बराच जोर लावून पाहिला होता, ते मी सांगितलं नाही. त्या क्षणी हा माणूस मला फार आवडला.

दुकान बंद पडलंच. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्यानंतर आठवड्याभरात ते बसने माझ्या घरी आले.

"तुमच्या बोर्डावर रॅमची एक खाच रिकामी आहे. त्या दिवशी नव्हती, पण उरलेल्या मालात तुमच्या बोर्डाची एक निघाली. शेजाऱ्याला दिली तर तो ती कुणालाही देईल."

त्यांनी मशीन उघडलं, धूळ झटकली, रॅम बसवली आणि झाकण लावलं. मी विचारलं, "चहा घेणार?"

"का? माझं काय चुकलं?" ते म्हणाले, आणि दोन कप प्यायले.

गेल्या महिन्यात ते गेल्याचं कळलं. त्याच आठवड्यात मशीनही पार थकलं. झाकण उघडलं, तर आतल्या बाजूला त्यांच्या अक्षरातली चिठ्ठी चिकटवलेली होती. "दोन्ही खाचा भरल्या. यात आता काही वाढत नाही. नवं घ्या. घेण्यापूर्वी विचारा."

कुणाला विचारायचं, ते लिहिलं नव्हतं. खालच्या शिक्क्यातला दुकानाचा नंबर त्यांनीच पट्टी लावून खोडला होता. त्या बोर्डाचा आता कुणालाही उपयोग नव्हता. तरी मी टॉर्च लावला आणि शेवटची दोन अक्षरं नीट दिसतील असा त्याचा फोटो काढला.