दाखल्याचा अर्ज

मी निघाले त्या दिवशी दारात सुमो उभी होती आणि पनवेलजवळच्या करंजाड्यातली आमची निम्मी आळी तिच्याभोवती जमली होती. आमच्या घरातून विमानात बसणारी मी पहिलीच. आई येईल त्याला सांगत होती, "मास्तरांना शिकवायचं कसं, ते शिकायला चाललीय अमेरिकेला." ऐकणाऱ्याला फारसं कळत नव्हतं, पण माना सगळे डोलवत होते. माझी धाकटी बहीण वैशाली तेव्हा एकोणीस वर्षांची होती. ती माझ्या मोठ्या बॅगेवर नावाची चिठ्ठी चिकटवत होती. स्केचपेनानं, जपून, तिनं लिहिलं होतं: 'सुजाता'च्या जागी 'सुताजा'. कुणाचं लक्ष जायच्या आत मी ती चिठ्ठी खरवडून काढली आणि दुसरी लिहिली. वैशूनं ते पाहिलं. बॅग टपावर चढवायला तिनंच हात लावला.

बाबा शेवटपर्यंत लांब उभे होते. मिठागरात आयुष्य गेलेला माणूस, सही करण्यापुरतं शिकलेला. माझ्या बाबतीत त्यांचं एक वाक्य ठरलेलं असायचं. "सुजाता सांगते म्हंजे बरोबरच असंल." त्या दिवशीही शेजारच्या काकांना ते तेच सांगत होते. गाडी निघाली तेव्हा सगळे रडत होते. मीही रडले. का, ते तेव्हा नीट कळलं नव्हतं. आता चौदा वर्षांनी कळतंय, म्हणून लिहायला बसलेय.

त्याच्या पाच वर्षं आधी मी नुकतीच डी.एड. झाले होते. वैशू सातवीत दुसऱ्यांदा नापास झाली होती. आई म्हणाली, "एवढी मास्तरीण झालीस, तर भयनीला शिकव की." मी शिकवायला बसले. तीन दिवस. धडा तिला तोंडपाठ असायचा, कारण वर्गात ऐकलेलं तिला सगळं लक्षात राहायचं. पण पुस्तकातल्या ओळीवर बोट ठेवलं की ती अडायची, एकच शब्द दोनदा आला तर दोनदा वेगळा वाचायची. मला वाटलं, ही मुद्दाम करते. चौथ्या दिवशी मी पट्टी मारली आणि म्हणाले, "तुझ्या डोक्यात माती भरलीय." मग ती ऐकत असतानाच बाबांना सांगितलं, "हिला शाळेतून काढा. हिच्यानं होणार नाय."

बाबांनी एकदाच विचारलं, "नक्की?"

मी म्हणाले, "नक्की."

दाखला काढायचा अर्जही मीच लिहिला. माझं अक्षर घरात सगळ्यांत चांगलं. 'घरगुती अडचणींमुळे' असं कारण घातलं, खाली बाबांची सही घेतली. शाळेत अर्ज द्यायला वैशूच गेली. वाटेत तिनं तो उघडला असेल आणि वाचायचा प्रयत्न केला असेल का, हा विचार मला पुढे फार छळायला लागला. त्या वेळी मनाला शिवलाही नव्हता.

अमेरिकेच्या अर्जात एक निबंध लिहायचा होता: या क्षेत्रात का यावंसं वाटतं. पाचवी ते आठवीच्या मुलांना शिकवणारे शिक्षक घडवायचे, नेहमीच्या वर्गाचेही आणि विशेष शिक्षणाचेही, असा तो अभ्यासक्रम होता. मी लिहिलं, माझ्या बहिणीला वाचता येत नव्हतं. वर्षभर रोज संध्याकाळी ओट्यावर बसून मी तिला अक्षरं शिकवली आणि एक दिवस तिनं पूर्ण पान वाचून दाखवलं. निबंध मंजूर झाला, प्रवेश मिळाला, फीमाफी मिळाली. मी गाव सोडलं ते या खोट्यावर बसून. जे जे आपलं गाव सोडून गेले त्यांनी बरोबर काय काय नेलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. मी हे नेलं.

तिथल्या पहिल्याच महिन्यात प्राध्यापिकेनं आम्हा सगळ्यांना एक उतारा दिला. अक्षरं मुद्दाम उलटसुलट छापलेली, वाचताना अडणाऱ्या मुलाला काय वाटतं ते आम्हाला कळावं म्हणून. एकेकाला उभं करून, घड्याळ लावून, मोठ्यानं वाचायला लावलं. माझी पाळी आली. दुसऱ्याच ओळीला मी अडले. ठरल्याप्रमाणे ती म्हणाली, "लक्ष दे. सोपं तर आहे." मला माहीत होतं की हा पाठाचाच भाग आहे, तरी माझे कान तापले. खाली बसले तेव्हा डोळ्यांपुढे ओळीवर ठेवलेलं वैशूचं बोट होतं. त्या आठवड्यात मी घरी फोन केला. आईशी बोलले, बाबांशी बोलले. आई म्हणाली, "वैशूला देऊ?" मी म्हणाले, "घाईत आहे, नंतर."

ते 'नंतर' लांबत गेलं. मी शिकले, तिथंच नोकरी लागली, आता त्याच विषयाची प्रशिक्षक आहे. माझ्या हाताखालचे होतकरू शिक्षक जोडीनं वर्ग घेतात, एक फळ्यापाशी आणि एक बाकांमधून फिरत. मी मागच्या बाकावर पॅड घेऊन बसते. कुणी निरीक्षणात 'मुलगी आळशी आहे' असं लिहिलं तर खोडायला लावते. म्हणते, तू काय पाहिलंस ते लिही, निकाल लिहू नकोस. आणि दर वर्षी पहिल्या तासाला ओट्यावरच्या बहिणीची गोष्ट सांगते. दोन-चार जणांचे डोळे हमखास भरतात. इतक्यांदा सांगितली की मलाही तो ओटा दिसायला लागला होता, पान वाचणारी वैशूही.

इकडे बाबा गेले. सरकारनं घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या प्लॉटवर बिल्डिंग उभी राहिली आणि आई तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. वैशू लग्न करून जवळच ओव्याला गेली. तिचा नवरा कळंबोलीच्या स्टील मार्केटात ट्रेलर चालवतो. त्यांची मुलगी सई सहावीत आहे. दर दोन वर्षांनी मी यायचे, सईला चॉकलेटं आणि रंगीत चित्रांची इंग्रजी पुस्तकं आणायचे. ती पुस्तकं वाचते का, हे मी कधी विचारलं नाही.

मागच्या हिवाळ्यात नवीन पनवेलच्या एका शाळेनं बोलावलं. आसपासच्या शाळांतले सहावी ते आठवीचे शिक्षक आणि शाळाशाळांत फिरणारे काही विशेष शिक्षक, यांच्यासाठी दोन दिवसांचं शिबिर. पहिल्या दुपारी पालकांनाही मागे बसायची मुभा होती. मी सवयीनं गोष्ट सुरू केली. मराठीत ती मी पहिल्यांदाच सांगत होते. "माझी धाकटी बहीण..." म्हणाले, ओट्यापर्यंत आले, आणि शेवटच्या रांगेत वैशू दिसली. हिरवी साडी, मांडीवर पर्स, शेजारी सई. वैशू माझ्याकडे एकटक बघत होती.

तरी मी थांबले नाही. ही गोष्ट सांगताना मला सगळ्यांत जास्त लाज याचीच वाटते. ती समोर आहे हे दिसत असताना मी गोष्ट पूर्ण केली. गोष्टीतल्या बहिणीनं पान वाचून दाखवलं, टाळ्या झाल्या.

चहाच्या सुट्टीत ती पाण्याच्या टाकीपाशी उभी होती. मी म्हणाले, "वैशू, तू येणार हे कळवलं नाहीस?"

"तुजं भाषण ऐकाया नाय आले मी," ती म्हणाली. "सईचे मास्तर म्हणाले, जा, मोठ्या बाई येणार हायत. सईलापण माज्यावानीच होतंय. वाचायला बसली का रडते." मग आवाज न चढवता म्हणाली, "ताई, तू वर्षभर बसली असतीस ना, तर मी खरंच वाचलं असतं."

मी तिचा हात धरायला गेले. तिनं हात सोडवला नाही, पण धरलाही नाही. सई आमच्याकडे आळीपाळीनं बघत होती.

संध्याकाळी मी ओव्याला तिच्या घरी गेले. ती तांदळाच्या भाकऱ्या थापत होती. मी दारातच म्हणाले, "माझं चुकलं. तुला शाळेतून मी काढलं. आणि वर खोटं सांगत फिरले."

ती भाकरी उलटत म्हणाली, "मना म्हाईत हाय कोणी काढलं ते. मी तिथंच बसले होते ना." मग म्हणाली, "माफीचं बघू नंतर. आधी सईचं बघ."

मी सईशेजारी बसले. तिचं मराठीचं पुस्तक उघडलं. तिनं ओळीवर बोट ठेवलं आणि पहिल्याच शब्दाला आईकडे बघितलं. वैशूनं पाठ फिरवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिबिरात मी पहिल्यांदा खरं सांगितलं. पट्टी, माती, तो अर्ज, सगळं. मग सातवीला शिकवणाऱ्या एक बाई उठल्या. आवाजात राग होता. "मॅडम, काल मी रडले होते. कालचं खोटं होतं, तर तुम्ही शिकवताय ते खरं कशावरून मानायचं?"

मी म्हणाले, "माझ्यावर विश्वास ठेवू नका. वर्गात करून बघा. नाही झालं तर मला तसं कळवा." त्या बसल्या, पण दिवसभर माझ्याकडे त्यांनी वर मान करून पाहिलं नाही. शिबिर संपल्यावर सईच्या शाळेतले मास्तर भेटले. त्यांनी तिला प्रश्न मोठ्यानं वाचून दाखवायचं, तोंडी उत्तर घ्यायचं, वाचनाच्या अडचणीच्या तपासणीला पाठवायचं कबूल केलं. त्यांना माझी मदत हवी होती, माझी गोष्ट नको होती. ते मला बरं वाटलं.

आता आठवड्यातून तीनदा, माझ्या सकाळी आणि त्यांच्या संध्याकाळी, मी आणि सई व्हिडिओ कॉलवर बसतो. वाळूवर अक्षर गिरवतो, शब्द तोडतो, जोडतो. प्रगती हळू आहे. वर्षभरात पान वगैरे काही होणार नाही. गेल्या महिन्यात तिनं पहिल्यांदा चार ओळी न रडता वाचल्या. वैशू फोनच्या चौकटीत येत नाही. कधीमधी बाजूनं तिचा आवाज येतो, "पुरे आता, दमली ती." तेव्हा मी लगेच थांबते.

अमेरिकेतल्या माझ्या वर्गात मी ती जुनी गोष्ट बंद केली. पहिल्या तासाला आता अर्जाची गोष्ट सांगते. कुणाचे डोळे भरत नाहीत. काहीजण अस्वस्थ होऊन वहीत बघत बसतात.

आई अजून दर रविवारी विचारते, "घरी कधी येतेस?" पूर्वी मी तारखा बघायचे आणि तिकीट काढायचे. घर आपलंच, विचारायचं कुणाला? या वेळी आईला म्हणाले, थांब, सांगते, आणि वैशूला फोन लावला. विचारलं, "मे महिन्यात येऊ का?"

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.

"ये," ती म्हणाली. "पण सईची परीक्षा झाल्यावर ये."

मी तिकीट त्याप्रमाणेच काढलं.